घरच्या गाड्या, आजोबांची वही आणि ५० वर्षांची फियाट : सल्ला हवा आहे

गाडीवही

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. माहेर रामबागेत, सासर सुदामा नगरात. बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल.

आमच्या घरात गाडीचं वेड आजोबांपासून. ते कापड गिरणीत हिशेबनीस होते. १९६९ मध्ये त्यांनी आणि धाकट्या आजोबांनी अर्धे-अर्धे पैसे घालून एक जुनी डुक्कर फियाट घेतली. एक आठवडा गाडी आमच्या अंगणात, एक आठवडा त्यांच्याकडे. आता भागीदारीतल्या गाडीचा हिशेब चोख हवा, म्हणून आजोबांनी गिरणीत वापरायचे तसली लाल कापडी बांधणीची चोपडी आणली. रकाने पाडले : तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, शेरा.

पहिले चार रकाने भांडण होऊ नये म्हणून होते. शेऱ्याचा रकाना आजोबांनी का ठेवला ते कुणालाच माहीत नाही, पण ती चोपडी आम्ही आजवर जपली ती त्या रकान्यासाठी. 'डावीकडून कुरकुर, ग्रीस दिले.' 'पावसात वायपर थकतो.' 'सौ. म्हणते ब्रेक लावताना गाडीची मान उजवीकडे जाते. बरोबर आहे, डाव्या चाकाचा ब्रेक ढिला होता.' आजीने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही. पण घरात सगळ्यात तिखट कान तिचा. मागच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन बसायची आणि म्हणायची, "अहो, आज ती घसा खाकरतेय." आजोबा तिथल्या तिथे गाडी बाजूला घ्यायचे. कार्ब्युरेटरमध्ये कचरा सापडायचाच.

१९७४ मध्ये नंबर लागून नवी गाडी आली. कागदावर प्रीमियर पद्मिनी, घरात मात्र फियाटच. फिकट निळी, १०८९ सी.सी., गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. धाग्याचा विषय हीच गाडी.

आई १९७३ ला लग्न होऊन या घरात आली. आजोबांनी १९७५ च्या हिवाळ्यात तिला पहाटे चिमणबागेच्या मैदानावर नेऊन गाडी शिकवली. त्या काळी रामबागेत सून गाडी चालवते म्हणजे गल्लीच्या तोंडाशी माणसं थांबून बघायची. वहीत त्या दिवसांचे शेरे आहेत. 'सूनबाई : क्लच सोडण्याची घाई.' चार दिवसांनी 'घाई कमी.' तीन आठवड्यांनी नुसतं 'उत्तम.' आईने त्या पानावर मोरपीस ठेवलंय.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून फियाट अंगणातल्या पत्र्याखाली उभी आहे, एकदाही सुरू केलेली नाही. आता वाडा पाडून नवी इमारत होणार, चार महिन्यांत जागा मोकळी करायची आहे. भाऊ पुण्यात, त्याच्या सोसायटीत एकाच गाडीची जागा. आई ७६ वर्षांची. ती म्हणते, "विकायची की ठेवायची ते तुम्ही ठरवा, पण आधी मला ती सुरू झालेली ऐकायची आहे."

दोन प्रश्न आहेत. दोन वर्षं बंद असलेली गाडी नुकसान न होता सुरू कशी करायची? आणि पुढे तिचं काय करायचं? तुमच्या घरच्या गाड्यांच्या आठवणीही लिहा, आईला वाचून दाखवेन.

तीन_सिलिंडर

काय सुंदर लिहिलंय ताई! 'घाई कमी' वाचून डोळे भरले. तुमच्याकडे मारुती कधी आली? आजोबांनी तिचा शेरा लिहिला होता का?

गाडीवही

लिहिला होता की! १९८८ मध्ये ८०० घेतली, पांढरी. आजोबांनी बॉनेट उघडून पाहिलं तर इंजिन आडवं बसवलेलं, ओढ पुढच्या चाकांना, आणि फक्त ७९६ सी.सी. फियाटला चार सिलिंडर, हिला तीन. दोन दिवस काही बोलले नाहीत. मग बाबांच्या शेजारी बसून उज्जैनला जाऊन आले आणि लिहिलं : 'इंजिन आडवे. आवाज शिवणयंत्रासारखा. तक्रारीस जागा नाही.' तरी लांबच्या प्रवासाला फियाटच काढायचे. मारुती बाजारहाटाची आणि आमच्या शाळेची.

सियागंज

माझे वडील सियागंजात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात होते, मी स्वतः २२ वर्षं जुन्या गाड्यांचं काम करतो. ताई, कृपा करून किल्ली फिरवू नका. बॅटरी जोडून 'बघू या लागते का' हा मोह गाडीचा घात करतो. मी सांगतो त्या क्रमाने करा.

आधी टाकीतलं सगळं पेट्रोल काढून टाका. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला खातं. फियाटचा पेट्रोल पंप यांत्रिक, त्यात रबरी पडदा असतो. तो पडदा आणि सगळे रबरी पाइप नवीन, इथेनॉल सहन करणारेच घाला. जुन्या पाइपमधून गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटते. कार्ब्युरेटर उघडून तळाची वाटी धुवून घ्या, तिथे पिवळा चिकट थर बसलेला असेल.

मग चारही प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता टॉप गिअर टाका आणि गाडी हाताने हळूच पुढे-मागे करा. इंजिन फिरतंय असं वाटलं तर निम्मी लढाई जिंकलात. अडत असेल तर जोर करू नका, आणखी ऑइल, आणखी एक रात्र. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. जबरदस्तीने फिरवलं तर भिंतीवर कायमचा ओरखडा येतो.

इंजिन सुरू झालं तरी ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका. या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची लाइन एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आतून गंज धरतो. ते सगळं काढून नवीन भरा, चाकांच्या सिलिंडरमधले रबर बदला.

आणि उंदीर! वायरिंग हाताने चाचपून बघा.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून. आमच्याकडे अँबॅसॅडर होती, मार्क २. आठ माणसं, दोन ट्रंका आणि वर होल्डॉल, अशी आम्ही झाशीला लग्नाला जायचो. थंडीत सेल्फ उचलायचा नाही, मग पुढून हँडल मारायचं. काकांनी पहिला धडा दिला तो हँडल धरण्याचा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं, आणि अंगठा पलीकडून गुंडाळलेला असेल तर हाड मोडतं. आमच्या शेजारच्यांचं मोडलं होतं. मी आजही कुठलाही दांडा धरला की अंगठा आपोआप आत येतो.

गाडीवहीताई, तुमच्या लांबच्या प्रवासांबद्दल लिहा ना. आग्रा रोडनेच जायचात ना देशावर?

गाडीवही

हो, आग्रा रोडच. राऊ, महू, मानपूर, घाट उतरून धामनोद, खलघाटला नर्मदा. पुलावर आजोबा गाडी हळू करायचे, आजी खिडकीतून नाणं टाकायची आणि आम्ही सगळे 'नर्मदे हर' म्हणायचो. मग जुलवानिया, सेंधवा, बिजासन मातेला नारळ, घाट उतरून पळासनेर, शिरपूर, धुळे. धुळ्याला आत्या. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आजीचा लिंबाचा मुरंबा. पुढच्या बंपरला पाण्याची छागळ टांगलेली. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्याने वाळतं, त्यामुळे आतलं गार राहतं. गाडी जितकी पळेल तितकं पाणी गार.

एक प्रसंग सांगते. मे १९८३. धुळ्याहून परत येत होतो. आत्याने जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे पळासनेरला पोचेस्तोवर टळटळीत दुपार. घाटाच्या निम्म्या चढावर फियाट आचके देऊ लागली आणि बंद पडली. पुढे ट्रक, मागे ट्रक. मी सात वर्षांची, धाकटा भाऊ रडत होता. बाबा उतरून प्लग काढायला निघाले. आजी मागून म्हणाली, "प्लगाचं नाही हे. मघापासून ती कोरडा आवंढा गिळतेय."

आजोबांनी बॉनेट उघडलं, पेट्रोल पंपाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. चढावर गाडी हळू, इंजिन जोरात, वारा लागत नाही. पंपातलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते. पंप वाफ ओढू शकत नाही, मग इंजिनला पेट्रोल पोचतच नाही. आजीने बोचक्यातलं जुनं लुगडं काढलं, दाताने काठ तोडला आणि सर्रकन पट्टी फाडली. छागळीतल्या गार पाण्यात भिजवून आजोबांनी ती पंपाभोवती गुंडाळली. वीस मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेला पळसाच्या सावलीत. आजीने तिथेच मुरंबा-दशमी वाढली. मग आजोबांनी सेल्फ मारला आणि गाडी लागली.

ती पट्टी पुढे कायम डिकीत असायची. हिरवी, जरीचा काठ निघालेली. काल मी डिकी उघडून पाहिली. आहे अजून.

त्या दिवसाचा शेरा आजोबांनी असा लिहिलाय : 'बिजासन घाट, पंप तापला. सौ.ने ओळखले. यापुढे मे महिन्यात धुळ्याहून पहाटे पाचला निघणे.'

घाटवाट

'ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर' हे वाक्य तुमच्या वहीत आहे का? माझे बाबा ट्रकमालक होते, ते प्रत्येक ड्रायव्हरला हेच सांगायचे. मानपूरच्या पुढे गणपती घाटात उतारावर ब्रेक तापून किती ट्रक गेले आणि किती घरं उद्ध्वस्त झाली, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. इंजिनला गाडी अडवू द्यावी, ब्रेक शेवटच्या क्षणासाठी राखावा.

गाडीवही

आहे, वेगळ्या शब्दांत. 'उतारावर न्यूट्रल करणे म्हणजे बचत नव्हे.' खाली दोन रेघा मारल्यात.

पीथमपूर८६

ताई, तुमचे बाबा कुठे होते? फियाटवर आजोबांचाच हात दिसतोय, बाबांबद्दल फार लिहिलं नाहीत म्हणून विचारतो.

गाडीवही

बाबांबद्दल लिहायला घेतलं की हात थांबतो. पण लिहिते.

बाबा हिंदुस्तान मोटर्सच्या पीथमपूरच्या इंजिन कारखान्यात होते. जपानच्या इसुझूच्या तंत्रावरचं १.८ लिटरचं इंजिन तिथे बनायचं, ते कॉन्टेसात आणि नंतर अँबॅसॅडरमध्येही बसलं. पहाटे बसने जायचे, संध्याकाळी शर्टाला कटिंग ऑइलचा वास घेऊन यायचे. मला तो वास आवडायचा. आजोबा 'फियाटवाले' आणि मुलगा अँबॅसॅडरची इंजिनं बनवणारा, म्हणून जेवताना रोज वाद. बाबांना आयुष्यात कॉन्टेसा घेता आली नाही. पण १९९० च्या दशकात आम्ही राजवाड्यावर उभे असलो आणि शेजारून नवी अँबॅसॅडर टॅक्सी गेली की बाबा बोलता बोलता थांबायचे. आवाज लांब जाईपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "आमचं आहे." बस, एवढंच.

आजोबा १९९६ ला गेले. त्यानंतरची वही बाबांच्या अक्षरात. पहिल्या पानावर त्यांनी फक्त तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल लिहिलं. शेऱ्याचा रकाना तीन महिने कोरा आहे.

पीथमपूर८६

मी त्याच पट्ट्यात दुसऱ्या कारखान्यात ३१ वर्षं काढली, नाव '८६' आहे ते रुजू झालो त्या सालावरून. 'आमचं आहे' हे आम्ही सगळेच म्हणायचो. आमची टेम्पो ट्रॅक्स रस्त्यावर दिसली की आमच्या घरचे माझ्याकडे बघायचे. आता त्याच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा लांबवर्तुळ ट्रॅक झालाय, २०२१ मध्ये उद्घाटन झालं. माझी नात अभियांत्रिकी शिकते, तिला तिथे काम करायचंय. तुमच्या बाबांना नमस्कार.

माणिकबाग

इंदूरच्या माणसाच्या रक्तातच गाडी आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची १९३० च्या दशकातली ड्यूझनबर्ग एसजे आठवा. अमेरिकन कंपनी, आठ सिलिंडर एका ओळीत, सुपरचार्जर, ३२० अश्वशक्ती. वरचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेला, रंग नारिंगी आणि काळा. ज्या माणसाने जर्मन वास्तुकार मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, त्याचीच ही नजर. गाडी परदेशी गेली, माणिकबाग सरकारी कार्यालय झाला. म्हणून माझं म्हणणं, गाडीवहीताई, जी वस्तू इंदुरात आहे ती इंदुरातच ठेवा.

कुर्ल्याचा

मी मुंबईचा, काका प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होते. तुमची निळी फियाट कदाचित त्यांच्या हाताखालून गेली असेल. एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्या. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं तरी सुटे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता दुकानदार नवा माल कशाला ठेवतील? क्लच प्लेट, ब्रेकचे रबर, पंपाचे पडदे आत्ताच दोन-दोन घेऊन ठेवा.

स्पष्ट_मत

राग मानू नका, पण मी विरुद्ध लिहिणार आहे. आमच्या आजोबांची गाडी 'आठवण' म्हणून आम्ही गावी झाडाखाली ठेवली. अकरा वर्षं. कुणी हात लावला नाही, कुणी विकूही दिली नाही. शेवटी गाडीच्या तळातून गवत वर आलं आणि भंगारवाल्याने ती तुकडे करून नेली. मी तिथे उभा होतो. ज्याच्याकडे वेळ, जागा आणि जीव आहे अशा माणसाला वेळेवर द्या. तुमच्या आजोबांनी जी गाडी ऐकली ती कुणी ऐकत नसेल, तर ती तुमच्याकडे असून काय उपयोग?

तीन_सिलिंडर

इतकं कठोर कशाला? त्यांनी सल्ला मागितला तोच मुळी गाडी जपण्यासाठी.

गाडीवही

नाही, तीन_सिलिंडर, त्यांचं बरोबर आहे. मी त्यांचा प्रतिसाद आईला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्यांना लिही, गवत येऊ देणार नाही."

नियमावली

गाडी १९७४ ची म्हणजे ५० वर्षं पूर्ण. २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की मूळ स्वरूप बदललेलं नसावं. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. मात्र मग रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं इतपतच. आईंना रोज फिरायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा. आधी हे ठरवा, मग अर्ज.

गाडीवही

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे.

सियागंज दादा, तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच केलं. पहिल्या रात्रीनंतर इंजिन हललं नाही. दुसऱ्या रात्रीनंतरही नाही. तिसऱ्या दिवशी मी, भाऊ आणि मिस्तरीकाका गाडी ढकलत होतो तेव्हा आई ओसरीवरून म्हणाली, "थांबा, सुटली." आम्हाला काहीच कळलं नव्हतं. मिस्तरीकाकांनी इंजिनचा फॅनपट्टा बघितला, इंचभर फिरला होता.

पंपाचा पडदा भाकरीसारखा कडक झाला होता. पाइप, पडदा, ब्रेकचे रबर, सगळं नवीन. कुर्ल्याचा यांच्या सल्ल्याने प्रत्येकी दोन. क्लच प्लेट गंजून चिकटली होती, तिला चार दिवस गेले. उंदरांनी मागच्या दिव्याची वायर खाल्ली होती.

रविवारी सकाळी सुरू केली. आधी पांढरा धूर, मग खोकला, मग लागली. मिस्तरीकाका खुश होऊन हात पुसायला लागले. आईने मान वाकडी केली आणि म्हणाली, "तिसरं उशिरा बोलतंय." प्लग काढला तर तिसऱ्या सिलिंडरचा काळाकुट्ट. बदलला. मग ती जी बोलायला लागली, तो आवाज मी १९८३ पासून ओळखते. आईने पदर डोळ्यांना लावला. भाऊ अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

गाडी ठेवतोय. चुलतभावाची राऊजवळ शेती आहे, तिथे पक्की शेड बांधली, खाली फरशी. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जाऊन ती चांगली तापेपर्यंत चालवायची. पाच मिनिटं सुरू करून बंद केली तर आत पाणी साचतं, हे सियागंज दादांनी फोनवर बजावलंय. पाळी लावली आहे : मी, माझा मुलगा, चुलतभाऊ, त्याची मुलगी. ती १९ वर्षांची आहे, दांड्यावरचा गिअर शिकतेय. नोंदणी तूर्त साधीच ठेवतोय, कारण आईला फिरायचंय.

आज पहाटे साडेपाचला आईने स्वतः गाडी काढली. रामबाग ते राजवाडा, तिथून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे-जिलेबी, आणि परत. मी शेजारी, मुलगा मागे. घरी आल्यावर आईने वही मागितली. बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडली आणि लिहिलं. तिच्या परवानगीने इथे उतरवते आहे :

कि.मी. ४१,३०८. पेट्रोल ५ लि. ऑइल नवीन. शेरा : क्लच थोडा वर धरतो. राजवाड्यापाशी हॉर्न वाजला नाही, वायर पाहणे. नातू मागे बसला होता, त्याला डाव्या चाकाची कुरकुर ऐकू आली. बरोबर आहे, ग्रीस देणे.